गिऱ्हाईक, ग्राहक आणि वेष्टनावरील मजकूर : नागपूरच्या बाजारभाषेचा विचार

नागपूरच्या जुन्या वस्तीत आठवड्याचे बहुतेक वार पेठांच्या नावांनी नांदत आहेत. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी ही सर्व नावे मुळात त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारांची होत. पुण्याने 'रविवार पेठ', 'बुधवार पेठ' अशी जोडनावे पत्करली. नागपूरने वाराला ईकार जोडून त्याचे विशेषण केले आणि विशेष्य गाळून टाकले. त्यातही सर्व नावे एका साच्यातील नाहीत. 'मंगळवारी'तील ळकार मराठी आहे. 'इतवारी' आणि 'शनिचरी' ही रूपे मात्र हिंदीच्या वळणाची. मराठीने आदित्यवाराचा 'ऐतवार' केला आणि शनैश्चराला 'शनिवारा'त बसविले. १९५६ पर्यंत जे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते, त्याच्या बाजाराच्या नावांत दोन्ही भाषा शेजारी शेजारी दिसाव्यात यात नवल नाही.

इतवारीचा घाऊक बाजार आता काही एका वाराचा राहिलेला नाही. नावातील वार कोणाच्या ध्यानीही येत नाही, आणि त्यामुळे कोणाचे नुकसानही होत नाही. परंतु बाजारात असे पुष्कळ शब्द आहेत की ज्यांचा अर्थ सरकला आहे, आणि तो सरकला हे विकणाऱ्याला ठाऊक असून घेणाऱ्याला ठाऊक नाही. अशा ठिकाणी अर्थांतर हा केवळ भाषाशास्त्राचा विषय राहत नाही. त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. ग्राहकसंरक्षणाचा विचार सामान्यतः विधिशास्त्राचे आणि वाणिज्यशास्त्राचे अभ्यासक करीत आले आहेत. वस्तुतः या कायद्यांचा फार मोठा भाग शब्दांचे अर्थ पक्के करण्यात खर्ची पडलेला आहे, आणि म्हणून तो भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो. ते अर्थ कोणत्या भाषेत पक्के करावयाचे, हा प्रश्न मराठी मुलखात अद्याप अर्धाच सुटलेला आहे.

प्रथम खुद्द 'ग्राहक' या शब्दाकडेच पाहावे. संस्कृत 'ग्रह्' धातूपासून सिद्ध झालेला हा शब्द 'घेणारा' एवढाच अर्थ सांगतो. त्याच धातूच्या कुळातील 'गिऱ्हाईक' हा शब्द मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या उंबऱ्यावर वावरल्यामुळे निराळाच झाला आहे. 'ग्राहक' पुल्लिंगी, 'गिऱ्हाईक' नपुंसकलिंगी. दुकानदार 'ते गिऱ्हाईक परत गेले' असे म्हणतो, तेव्हा तो कोणा व्यक्तीविषयी नव्हे, तर हातून निसटलेल्या एका व्यवहाराविषयी बोलत असतो. नपुंसकलिंग म्हणजे अनादर असे सरसकट म्हणता येणार नाही; 'मूल' हाही नपुंसकलिंगीच शब्द आहे. परंतु एखाद्याची टवाळी करण्याला 'त्याचे गिऱ्हाईक करणे' म्हणतात, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दाच्या पोटात काय साठले आहे याची कल्पना येते. गिऱ्हाईक सांभाळावयाचे असते, पटवावयाचे असते, आणि प्रसंगी 'करावयाचे'ही असते.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. नावासाठी निवडलेले हे दोन्ही शब्द अर्थपूर्ण आहेत. 'गिऱ्हाईक' टाळून 'ग्राहक' घेतल्याने घेणाऱ्याला व्यक्तित्व मिळाले. 'संघ' किंवा 'मंडळ' न म्हणता 'पंचायत' म्हटल्याने निवाडा करण्याचा अधिकार सूचित झाला. पुढे १९८६ साली संसदेने जो कायदा केला, त्याचे नाव मराठीत 'ग्राहक संरक्षण अधिनियम' असे झाले. हिंदीने तेथे 'उपभोक्ता' हा शब्द वापरला आहे. दोन शेजारी भाषांनी एकाच कायद्याच्या नायकाला दोन निरनिराळ्या क्रियांवरून नाव द्यावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे : मराठीचा ग्राहक घेतो, हिंदीचा उपभोक्ता वापरतो. कायद्याची व्याख्या दोघांनाही सामावून घेते. मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा तर ग्राहक आहेच, शिवाय त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक आहे. बापाने आणलेल्या सदोष पंख्याचा धक्का मुलीला बसला, तर तिने पंखा 'घेतला' नसला तरी तक्रारीचा अधिकार तिला आहे. येथे हिंदी शब्द व्याख्येच्या अधिक जवळ जातो हे मान्य केले पाहिजे. तथापि २००५ पासून केंद्र शासनाने जी लोकजागृतीची मोहीम हिंदीत चालविली, तिचे घोषवाक्य 'जागो ग्राहक जागो' असे आहे. अधिनियमातील उपभोक्ता रस्त्यावर आला तेव्हा त्यालाही ग्राहकच व्हावे लागले.

दुसऱ्या बाजूने हीच व्याख्या बाजारातील पुष्कळ गिऱ्हाइकांना बाहेर ठेवते. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी माल घेणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नव्हे; अपवाद फक्त स्वतःच्या कष्टावर उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणाऱ्याचा. शिवणयंत्र विकत घेऊन त्यावर पोट भरणारा शिंपी ग्राहक ठरतो. परंतु रामटेकचा किराणा दुकानदार इतवारीत येऊन साखरेची पोती नेतो, तो इतवारीच्या व्यापाऱ्याचे उत्तम गिऱ्हाईक असला तरी ग्राहक आयोगापुढे ग्राहक म्हणून उभा राहू शकत नाही. २०१९ च्या नव्या अधिनियमाने, जो २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला, पुष्कळ गोष्टी बदलल्या; तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथेच दाद मागण्याची सोय झाली, फसव्या जाहिरातींना वेगळी शिक्षा आली. परंतु ही मर्यादा तशीच राहिली. छोटा दुकानदार हा एका हाताने घेणारा आणि दुसऱ्या हाताने देणारा असतो. कायदा त्याचा देणारा हात तेवढा पाहतो. या मुद्द्याचे महत्त्व पुढे वेष्टनाच्या संदर्भात दिसेल.

आता मापांकडे वळू. दशमान पद्धती येण्यापूर्वी वऱ्हाड-नागपुरात धान्य कुडव, पायली, खंडी यांनी मोजले जाई, आणि किराणा शेर-मणांनी तोलला जाई. पायली हे आकारमानाचे माप असल्यामुळे गव्हाची पायली आणि तुरीची पायली यांचे वजन सारखे भरत नसे. शिवाय गाव बदलले की पायलीही बदलत असे. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो. हा शुभशब्द आहे, परंतु ऐकणाऱ्याचे लक्ष नसेल तर मोजणीतील एक आकडा कमी ऐकू येतो हेही खरे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने हा गोंधळ संपविण्याचे ठरविले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली. नाण्यांच्या बाबतीत शासनाने भाषेची काळजी घेतली होती. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नाण्यावर 'नये पैसे' असे छापले गेले, मराठीत त्याचे 'नवे पैसे' झाले, आणि सात वर्षांनी, १९६४ च्या जूनमध्ये, गरज संपल्यावर ते विशेषण काढून टाकण्यात आले. नवा अर्थ जुन्या शब्दात बसविताना काही काळ एक खूण ठेवावी, हे धोरण शहाणपणाचे होते.

वजनांच्या बाबतीत अशी खूण कोणी ठेवली नाही. शास्त्रशुद्ध शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पाव म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम. आज भाजीबाजारात 'पावशेर वांगी' मागितली की २५० ग्रॅम मिळतात. शेर नाहीसा झाला, त्याचा पाव किलोच्या घरात राहावयास गेला, आणि घेणाऱ्याचा सुमारे १७ ग्रॅमांचा लाभ झाला. सराफ्यात मात्र शब्द उलट दिशेने सरकला. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, व्यवहारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असे धरण्याचा प्रघात पडला आहे. १९५० च्या सुमारास घडविलेला आजीचा पाच तोळ्यांचा हार म्हणजे सुमारे ५८.३ ग्रॅम सोने होय. तो मोडून 'पाच तोळ्यांना पाच तोळे' असा तोंडी हिशेब झाला, तर घेणाऱ्याला घडणावळ देण्यापूर्वीच आठ ग्रॅमांची तूट सोसावी लागते. कोणी खोटे बोललेले नसते. प्रामाणिक सराफ अर्थात हार काट्यावर घालून ग्रॅमांतच बोलतो. परंतु घरातील मंडळींच्या बोलण्यात, लग्नाच्या याद्यांत आणि वाटणीच्या भांडणांत तोळा अजून जिवंत आहे, आणि तो कोणता तोळा हे कोणी विचारीत नाही. २००९ च्या वैध मापनशास्त्र अधिनियमाने प्रमाणित एककांवाचून अन्य एककांत भाव सांगण्यासही मनाई केली आहे. सोन्याच्या शुद्धतेच्या बाबतीत तर शब्दांवर विसंबणेच कायद्याने सोडून दिले : १६ जून २०२१ पासून प्रथम देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा चिन्हांचा स्वतंत्र क्रमांक असल्याखेरीज हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 'बावीस कॅरेट' हे बोलणे ९१६ या कोरलेल्या आकड्यावर तपासता येते. बोललेल्या शब्दाऐवजी कोरलेले चिन्ह, हीच संरक्षणाच्या सर्व कायद्यांची मूळ युक्ती होय.

बोलणे कळूच नये यासाठीही बाजाराने भाषा घडविली. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ही 'हत्त्या'ची पद्धत. ज्याचा कापूस विकला जात आहे तो शेतकरी समोर उभा असे, आणि त्याच्या मालाची किंमत त्याच्या डोळ्यांदेखत त्याला न दिसता ठरत असे. याच जातीची दुसरी करामत म्हणजे दलालांची 'नंदभाषा', जिच्यात एकाला 'केवली', दोनाला 'आवारू', तिनाला 'उधानू', चाराला 'पोकू', पाचाला 'मुळू' म्हणत. भाषेचे कार्य अर्थ पोहोचविणे हे आहे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. येथे भाषेचे कार्य तिसऱ्या माणसापासून अर्थ रोखणे हे आहे. सांकेतिक बोलींचा अभ्यास गमतीचा विषय म्हणून केला जातो, तो तसा राहू नये. या संज्ञांनी किती शेतकऱ्यांचे किती रुपये गिळले त्याची नोंद कोठेही नाही.

उघड लिलावाचा आग्रह धरणारी नियंत्रित बाजारपेठ या देशात प्रथम वऱ्हाडातच निघाली, ही विदर्भाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित गोष्ट आहे. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. शेतकऱ्याचा कळवळा हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावाने मिळावा, ही त्यातील मुख्य चिंता होती. म्हणजे या प्रदेशात कायद्याने ज्याला प्रथम संरक्षण दिले तो ग्राहक सात समुद्रांपलीकडील गिरणीमालक होता. 'काटा मारणे', 'कडता', 'मापात पाप' ही मराठीची शब्दसंपत्ती त्या काळी कोणत्याही अधिनियमात गेली नाही. ती शेतकऱ्याच्या तोंडीच राहिली.

वेष्टनबंद मालाने या सगळ्या जगावर पडदा टाकला. पुडी बांधून देणारा वाणी आणि पुडी नेणारे गिऱ्हाईक यांच्यातील संभाषण संपले. त्याची जागा छापील मजकुराने घेतली. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी उत्पादकाचे नाव, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापणे बंधनकारक केले, आणि १९९० च्या सुधारणेपासून सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत आली. कायद्यातील संज्ञेत महत्त्वाचा शब्द 'कमाल' हा आहे. बाजारातील भाषांतरात नेमका तोच गळाला. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही 'छापील किंमत' म्हणतात, किंवा इंग्रजी अद्याक्षरे घेऊन 'एमआरपी' म्हणतात. 'छापील' हे विशेषण किंमत कोठे आहे ते सांगते, ती कशी आहे ते सांगत नाही. परिणामी जी मर्यादा होती ती भाव बनली : यापेक्षा जास्त घेता येणार नाही, हा अर्थ जाऊन इतकेच द्यावे लागेल, हा अर्थ आला. भाव करणे हा ज्यांचा पिढीजात अधिकार होता, त्या इतवारी-महालच्या गृहिणी छापील आकड्यापुढे गप्प बसतात. भाजीवालीशी मात्र त्या अजूनही दोन रुपयांसाठी घासाघीस करतात.

छापील नावालाच किंमत असते, हे नागपूरने आपल्या संत्र्याच्या बाबतीत अनुभवलेले आहे. 'संत्रा' हा शब्द पोर्तुगालातील सिंत्रा या गावावरून आला अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगतात. परंतु बाबराच्या आत्मवृत्तात 'संगतरा' आढळतो आणि बाबर १५३० साली वारला, तेव्हा ती व्युत्पत्ती टिकणे कठीण आहे. पुण्याकडे 'ते संत्रे', नागपुराकडे 'तो संत्रा', हा लिंगभेद सर्वपरिचित आहे. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की 'नागपुरी' हे विशेषण बागेचे नसून बाजाराचे आहे. काटोल-नरखेड नागपूर जिल्ह्यात असले तरी वरूड आणि मोर्शी ही संत्र्याची मोठी क्षेत्रे अमरावती जिल्ह्यात येतात. फळ जेथून गाडीत चढले त्या पेठेचे नाव त्याला लागले, जसे कित्येक वस्तूंना बंदरांचे नाव लागते. पेठेचे नाव ही पेठेची सामायिक मालमत्ता; ती कोणीही वापरू लागला की तिची किंमत घसरते. १९९९ च्या भौगोलिक निर्देशनांच्या अधिनियमाने अशा नावांना संरक्षण दिले, आणि २०१४ साली 'नागपूर संत्रा' हे नाव त्या नोंदवहीत गेले. पुढे नागपूर जिल्ह्यातीलच भिवापूरच्या मिरचीलाही तो मान मिळाला. व्यापाऱ्याच्या शब्दाचे रक्षण आणि ग्राहकाचे रक्षण येथे एकच होऊन जाते : नाव खरे राहिले तर दोघांचाही लाभ. शहराची कीर्ती वाढविण्याच्या ज्या योजना होतात, त्यांत 'संत्रानगरी'च्या कमानी पुष्कळ असतात; नावाच्या खरेपणाची राखण हे मात्र कष्टाचे आणि प्रसिद्धी न देणारे काम असल्यामुळे मागे पडते.

दुकानाच्या पाटीवरील नावाबाबत महाराष्ट्राने अलीकडे कडक भूमिका घेतली आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी आवश्यक झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत असे ठरले. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेला दोन महिन्यांत मराठी पाट्या लावण्यास सांगितले. या निर्णयाचे मराठी भाषिकांनी स्वागत केले, ते योग्यच होय. परंतु पाटीवर असते काय? बहुधा एक विशेषनाम. 'मेडिकल स्टोअर्स' हे शब्द देवनागरीत लिहिल्याने ग्राहकाला नव्याने काही कळते असे नाही. ज्यावर त्याचा पैसा आणि कधी कधी जीव अवलंबून असतो, तो मजकूर पाटीवर नसून पाटीखालच्या फळीवर ठेवलेल्या वेष्टनावर असतो. त्या मजकुराविषयी नियम काय म्हणतो?

१९७७ च्या नियमांनी आणि त्यांच्या जागी आलेल्या २०११ च्या नियमांनी सांगितले आहे की वेष्टनावरील आवश्यक घोषणा देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असाव्यात. त्याशिवाय आणखी कोणती भाषा वापरावयाची असल्यास हरकत नाही. खाद्यपदार्थांच्या लेबलांबाबतही असाच पर्याय ठेवलेला आहे. प्रत्यक्षात बहुतेक मोठे उत्पादक इंग्रजीचा पर्याय घेतात. नागपूरच्या नागरिकाला हिंदी कळते, तेव्हा हिंदी मजकूर असल्यास काय बिघडले, असा आक्षेप येईल. तो अगदीच टाकाऊ नाही. या शहराची बाजारबोली पूर्वीपासून दुभाषी आहे. परंतु बोलीतील हिंदी आणि विधीतील हिंदी या दोन वेगळ्या गोष्टी होत. 'अधिकतम खुदरा मूल्य' यातील 'खुदरा' मराठीत नाही. आपण 'किरकोळ' म्हणतो. 'निवल मात्रा' ही अधिक धोक्याची जोडी, कारण 'मात्रा' मराठीत आहे, पण ती वैद्याची किंवा अक्षरावरची. लिपी एकच असल्यामुळे उमरेडच्या शेतकऱ्याला अक्षरे वाचता येतात आणि अर्थ हाती आल्याचा भास होतो. अनोळखी लिपी निदान आपल्याला कळत नाही हे तरी कळू देते.

याहून विलक्षण परिणाम स्थानिक व्यावसायिकावर होतो. नागपुरातील एखाद्या महिला बचत गटाने लोणचे किंवा संत्र्याची बर्फी तयार करून ती नागपुरातच विकावयाची ठरविली, आणि वेष्टनावर वजन, किंमत, घटक, तारीख सर्व काही शुद्ध व स्पष्ट मराठीत छापले, तर ते वेष्टन नियमाप्रमाणे अपुरे ठरते. मराठी ही 'शिवाय'ची भाषा आहे. एकट्या मराठीने घोषणा पुरी होत नाही. उलट तोच मजकूर केवळ इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापला, तर अक्षरांच्या किमान उंचीची अट पाळली असेल तेथवर तो निर्दोष. आणि अपुऱ्या वेष्टनाबद्दल दंडाचा धनी केवळ बनविणारा नसतो. असे वेष्टन विकणारा दुकानदारही असतो. म्हणजे जो किराणा दुकानदार स्वतःच्या खरेदीत ग्राहक नाही, तो दुसऱ्याने छापलेल्या, बहुधा त्यालाही नीट न वाचता येणाऱ्या मजकुराचा जबाबदार आहे. पाटी मराठीत नसेल तर त्याला राज्याचा दंड, आणि वेष्टन फक्त मराठीत असेल तर केंद्राचा. दोन्ही नियम ग्राहकाच्याच नावाने केलेले आहेत.

प्रादेशिक भाषेची सक्ती व्यवहार्यच नाही, असे म्हणता येत नाही, कारण कायद्याने एका ठिकाणी ती केलेली आहे. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे लेबल आणि माहितीपत्रक हिंदी व इंग्रजीबरोबरच त्या भागात चालणाऱ्या एक-दोन प्रादेशिक भाषांतही असावे लागते. विष आहे म्हटल्यावर भाषेचा विचार सुचला. तरीही २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. या अनर्थाची कारणे अनेक होती आणि त्या सर्वांचा भार लेबलावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु भाषेच्या अभ्यासकाने एवढे पाहावे की बाटली घेणारा एक असतो आणि फवारा पाठीवर घेणारा मजूर दुसराच असतो. मजकूर पहिल्याच्या हाती पडतो, विष दुसऱ्याच्या अंगावर. 'ग्राहक' आणि 'उपभोक्ता' यांतला जो भेद वर शब्दांच्या पातळीवर दिसला, तो येथे असा प्रत्यक्षात उतरतो.

निरक्षरांसाठी त्या बाटलीवर रंगीत चौकटही असते : अत्यंत जहाल विषाला तांबडा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य विषाला हिरवा. चिन्हव्यवस्था म्हणून ही योजना सुटसुटीत आहे. अडचण अशी की खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि चौकातील हिरवा दिवा म्हणजे खुशाल जा. तीन व्यवस्थांत एकच रंग, आणि त्यांपैकी दोहोंत तो निर्भयतेचा. हिरव्या चौकटीचा अर्थ 'कमी विषारी' असा आहे, 'विषारी नाही' असा नाही, हे रंग स्वतः सांगू शकत नाही. तेथे शब्दच लागतो, आणि तो ऐकणाऱ्याच्या भाषेतला लागतो.

मराठी मजकूर छापावयाचा ठरले तर कोणते शब्द वापरावयाचे, याचेही काम पुरे झालेले नाही. नागपूरला परिभाषेची परंपरा आहे; डॉ. रघुवीर यांची पारिभाषिक संज्ञा घडविणारी संस्था १९४६ पासून दहा वर्षे याच शहरात होती, आणि १९६० नंतर महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने कोशांची मालिका काढली. परंतु हे शब्द कचेरीसाठी घडले, फळीसाठी नव्हे. वेष्टनावर दोन प्रकारच्या तारखा येतात : एका तारखेपर्यंत पदार्थाची चव व गुण उत्तम राहतात, दुसऱ्या तारखेनंतर तो खाणेच धोक्याचे. बाजारात दोहोंसाठी 'एक्सपायरी' हा एकच शब्द चालतो, आणि 'डेट गेली' असे म्हणून दुकानदार चांगला माल परत पाठवितो, किंवा 'तसे काही होत नाही' म्हणून वाईट माल खपवितो. 'या तारखेपर्यंत उत्तम' आणि 'या तारखेनंतर खाऊ नये' अशी दोन साधी वाक्ये हा घोटाळा सोडवू शकतील. किमतीच्या बाबतीतही तेच. 'कमाल किरकोळ किंमत' ही संज्ञा व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण बोलीत 'कमाल' म्हटले की आश्चर्याचा उद्गार आधी आठवतो, मर्यादा नंतर. त्या जागी 'याहून जास्त देऊ नये' असे छापले तर चार शब्द लागतात, संज्ञेला तीन पुरतात, आणि वेष्टनावरील जागा महाग असते, हे खरे. पण ते चार शब्द इतवारीतल्या कोणत्याही म्हातारीला वाचून दाखविले, तर ती ते समजावून मागणार नाही. दुकानदाराला एवढेच विचारील, की मग कमी किती घेशील?